मागून येणाऱ्याची तक्रार

तिरुचिरापल्लीपासून तंजावरपर्यंत चौपदरी असलेला राष्ट्रीय महामार्ग ८३ पुढे नागपट्टणमच्या दिशेने अरुंद होत जातो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हा रस्ता रात्रीही ओस पडत नाही. २९ ऑगस्टला वेलांकणीच्या यात्रेचा ध्वज चढतो आणि ८ सप्टेंबरपर्यंत पदयात्रींचे जथे रस्त्याच्या कडेने, बरेचसे अंधारातूनच, चालत राहतात. जानेवारी-फेब्रुवारीत सांबा भाताची कापणी सुरू झाली की कापणीयंत्रे आणि पेंढ्याने शिगोशीग भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या याच वाटेला लागतात. नाशिकचा कांदा घेऊन दक्षिणेत उतरलेला एमएच-१५ क्रमांकाचा एखादा ट्रकही त्यांच्यामागे संथपणे सरकत असतो. या गर्दीत पुढे कोण आहे, हे मागच्याला सांगणारी साधने दोनच: एक लाल दिवा आणि तो विझला असेल तर मागच्या गाडीचा प्रकाश परतवणारा प्लास्टिकचा रिफ्लेक्टर.

जुलै २०२४ मध्ये याच जिल्ह्यात समयपुरमच्या देवीच्या दर्शनाला पायी निघालेल्या भाविकांच्या जथ्यात मालवाहू गाडी घुसली आणि काही जणांना प्राण गमवावे लागले. तो अपघात दिव्यांच्या दोषामुळे घडला, असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. परंतु देशाच्या रस्त्यांवरील मृत्यूंचा हिशेब मांडताना एक आकडा दृष्टिआड करता येत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली. अपघातांच्या संख्येत तमिळनाडू पहिल्या क्रमांकावर होते. धडकेच्या प्रकारांत सर्वांत मोठा वाटा मागून बसलेल्या धडकेचा, म्हणजे एकूण अपघातांच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक होता. दिवसाच्या प्रहरांत सर्वाधिक अपघात सायंकाळी सहा ते नऊच्या दरम्यान नोंदले गेले. यातील प्रत्येक धडकेला बिघडलेला दिवाच कारणीभूत असतो, असे नव्हे. वेग, दारू, थकवा, रस्त्याच्या कडेला बेफिकिरीने उभे केलेले ट्रक, अशी कारणांची यादी मोठी आहे. तथापि, काळोख आणि मागून येणारे वाहन यांचे गणित जेथे जुळते, तेथे दिवा हा शोभेचा भाग राहत नाही.

अशा दिव्यांत कारखान्यातच दोष राहिला तर काय होते, हा प्रश्न ऑक्टोबर २०२४ मध्ये अनायासे पुढे आला. रॉयल एनफिल्ड या तमिळनाडूतच मोटारसायकली बनवणाऱ्या कंपनीने नोव्हेंबर २०२२ ते मार्च २०२३ या काळात तयार झालेल्या गाड्या रिफ्लेक्टर बदलून देण्यासाठी परत बोलावत असल्याचे जाहीर केले. मागच्या आणि बाजूच्या काही रिफ्लेक्टरवरून प्रकाश अपेक्षेप्रमाणे परत फिरत नाही, असे कंपनीच्याच चाचण्यांत आढळले होते. बदल विनामूल्य आणि काही मिनिटांचा. कंपनीने स्वतःहून पुढे येऊन हे सांगितले, याबद्दल तिला दोष देण्याचे कारण नाही. आपल्याकडे गाड्या परत बोलावणाऱ्याच कंपनीची बदनामी होते आणि गप्प बसणारी सुखाने व्यवसाय करते, ही उलटी रीत आहे. लक्षात घ्यावा तो क्रम. ही मोहीम दक्षिण कोरियापासून सुरू होणार होती, त्यानंतर अमेरिका व कॅनडा आणि त्यापुढे भारत, युरोप, ब्राझील, लॅटिन अमेरिका व ब्रिटन. या क्रमामागील व्यावसायिक कारणे काहीही असोत, तंजावरच्या रस्त्यावरील मोटारसायकलचा नंबर सोलमधील मोटारसायकलच्या नंतर लागला. गाडी मात्र येथून काही तासांच्या अंतरावर, चेन्नईच्या परिसरात बनलेली.

हे एकच उदाहरण नाही. होंडा कंपनीने २०२१ मध्ये अ‍ॅक्टिव्हा, सीबी शाइन, हॉर्नेट यांसारख्या गाड्यांच्या बाबतीत नेमका हाच दोष जाहीर केला होता. नोव्हेंबर २०१९ ते जानेवारी २०२१ या काळात बसवलेले काही रिफ्लेक्टर प्रकाशाच्या विहित मानकात बसत नव्हते. त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये मारुती सुझुकीने इको या गाडीचे ४० हजार ४५३ नग तपासणीसाठी बोलावले. कारण काय, तर हेडलॅम्पवर मानकाची खूण उमटलेली नसण्याची शक्यता. वरकरणी ही बाब हास्यास्पद वाटेल. दिवा लागतो आहे, मग खुणेवाचून काय अडले? अडते ते असे, की दिव्याचा झोत किती उंच, किती रुंद पडावा, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून तो कोठे तुटावा, हे ग्राहकाला डोळ्यांनी मोजता येत नाही. ती मोजणी पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरचे व्हीआरडीई किंवा मानेसरचे आयकॅट यांसारख्या मान्यताप्राप्त संस्थांनी केली, याचा रस्त्यावरील एकमेव पुरावा ती खूण असते.

आता कायद्याकडे वळावे लागेल, कारण खरी अडचण तेथेच दडलेली आहे.

२०१९ पर्यंत भारतात वाहन परत बोलावण्याची सक्ती करणारा कायदाच नव्हता. सियाम या वाहन उत्पादकांच्या संघटनेने जुलै २०१२ पासून स्वेच्छेची एक संहिता आखून घेतली होती, तिच्यावर कारभार चालत होता. ९ ऑगस्ट २०१६ रोजी लोकसभेत मांडल्या गेलेल्या मोटार वाहन दुरुस्ती विधेयकात सक्तीची तरतूद प्रथम आली. स्थायी समितीने ते तपासले, लोकसभेने एप्रिल २०१७ मध्ये संमत केले, राज्यसभेने ते डॉ. विनय सहस्रबुद्धे यांच्या अध्यक्षतेखालील निवड समितीकडे धाडले आणि अखेर सोळावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते व्यपगत झाले. नव्या सभागृहात जुलै २०१९ मध्ये ते पुन्हा मांडले गेले. ३१ जुलैला राज्यसभेने दुरुस्त्यांसह आणि ५ ऑगस्टला लोकसभेने पुन्हा मंजुरी दिली, ९ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. चर्चेचा बहुतेक भर परवान्यांवरील राज्यांचे अधिकार आणि दंडाच्या वाढलेल्या रकमा यांवर राहिला. १ सप्टेंबर २०१९ पासून कायद्याची ६३ कलमे अमलात आली, तेव्हा वर्तमानपत्रांची पाने हेल्मेट नसलेल्या स्कूटरस्वाराला झालेल्या दंडाने भरली. त्याच कायद्याने उत्पादकालाही दंडाच्या कक्षेत आणले आहे, याची वार्ता फारशी कोणी छापली नाही.

कलम ११०-अ ची शब्दरचना उदार आहे. वाहनातील दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना ‘किंवा रस्ता वापरणाऱ्या इतरांना’ अपाय होण्याची शक्यता असेल, तर केंद्र सरकार ते वाहन परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. दोष एखाद्या सुट्या भागात असेल, तर तो भाग बसवलेली सर्व वाहने, मग ती कोणत्याही नमुन्याची असोत, बोलावता येतात. दिव्यांच्या बाबतीत ही तरतूद मोलाची ठरते. एकच पुरवठादार अनेक नमुन्यांना दिवे आणि रिफ्लेक्टर पुरवत असतो. उत्पादकाने दोष स्वतःहून कळवला तर त्याला दंडातून सूट आहे, हेही शहाणपणाचेच. दोष कळण्याचे मार्ग कायद्याने तीन सांगितले: ठरावीक प्रमाणातील मालकांच्या तक्रारी, चाचणी संस्थेचा अहवाल आणि ‘अन्य कोणताही स्रोत’.

नियम आले ते मार्च २०२१ मध्ये आणि १ एप्रिलपासून लागू झाले. संसदेने उघडलेले दार प्रशासनाने किती उघडे ठेवले, हे अशा नियमांत वाचावे लागते. सात वर्षांपेक्षा जुने वाहन या सक्तीच्या बाहेर राहिले. सक्तीने परत बोलावण्याच्या प्रसंगी दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत ठरला. मूळ कायद्यात वाहनांच्या बांधणीविषयीच्या प्रकरणाचे पालन न करणाऱ्या उत्पादकाला १०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे येथे आठवावे. आणि चौकशीचे चाक फिरवणारी मुख्य कळ ठरली ती मालकांच्या तक्रारींची संख्या. त्या नमुन्याची वर्षाकाठी विक्री किती, त्यावर किती तक्रारी आल्यावर सरकार दखल घेणार, याचे कोष्टकच नियमांना जोडलेले आहे.

इंजिन, ब्रेक, एअरबॅग यांच्याबाबत हे कोष्टक समजण्याजोगे आहे. ब्रेक लागत नसेल तर पहिला हादरा मालकाला बसतो आणि तोच तक्रार करतो. बाहेरच्या दिव्यांचे तसे नाही. मागचा दिवा मधूनच विझतो आहे, रिफ्लेक्टर निस्तेज आहे, हे चालवणाऱ्याला कळायचे कसे? त्याची पाठ त्या दिव्याकडे असते. ज्याला तो दिसायला हवा होता, तो मागून येणारा माणूस त्या गाडीचा मालक नसतो; त्याच्या तक्रारीला कोष्टकात रकाना नाही. पुष्कळदा तक्रार करण्यासाठी तो उरतही नाही. पदयात्री, सायकलस्वार, बैलगाडीवाला हे तर कोणत्याच वाहनाचे नोंदणीकृत मालक नसतात. कायद्याने ‘रस्ता वापरणाऱ्या इतरांचे’ रक्षण करण्याचे वचन दिले, पण गाऱ्हाणे मांडण्याचा मुख्य अधिकार मालकांच्या हाती राहिला. दिव्यासारख्या, दुसऱ्यासाठीच असलेल्या वस्तूच्या बाबतीत हा कायदा त्यामुळे जवळजवळ बहिरा ठरतो. रिफ्लेक्टरच्या दोन्ही प्रकरणांत दोष जाहीर झाला तो कंपन्यांच्या घोषणांतून; हजारो मालकांनी रात्री आपल्याच गाडीच्या मागे उभे राहून रिफ्लेक्टर तपासले आणि मग सरकारने हाक ऐकली, असे काही घडलेले नाही.

दिवा दुसऱ्यासाठी असतो, हे तत्त्व सरकारला अमान्य आहे असेही म्हणता येत नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही आपोआप सुरू राहण्याची सक्ती झाली, ती स्वाराला रस्ता दिसावा म्हणून नव्हे. स्वार इतरांना दिसावा म्हणून. दिवसाढवळ्या चालू राहणाऱ्या दिव्याची जेवढी काळजी नियमांनी घेतली, तेवढी रात्री न चमकणाऱ्या रिफ्लेक्टरची घेतली नाही, एवढाच आक्षेप.

उद्योगाची बाजूही ऐकून घ्यायला हवी. तक्रारींना संख्येचा उंबरठा नसेल तर प्रतिस्पर्धी खोट्या तक्रारींचा पाऊस पाडतील, एका गाडीचा दिवा पाणी शिरून खराब झाला म्हणून लाखभर गाड्या बोलावणे अन्यायाचे होईल, हे म्हणणे पोकळ नाही. शिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातून बसवलेले डोळे दिपवणारे एलईडी, तुटल्यावर स्वस्तातला मिळाला तो टेललॅम्प, यांची जबाबदारी उत्पादकावर कशी टाकणार? परंतु या युक्तिवादाचे उत्तर अपघातानंतरच्या तपासणीत सापडते आणि ती तपासणी आजही होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ नुसार अपघातग्रस्त वाहनाची पाहणी करण्याचा अधिकार यंत्रणेला आहे; मोटार वाहन निरीक्षक येतो, ब्रेक, चाके, दिवे पाहतो आणि अहवाल लिहितो. तो अहवाल फौजदारी खटल्याच्या आणि भरपाईच्या दाव्याच्या कामी येतो. चालकाचा दोष किती, विमा कंपनीचे देणे किती, एवढे त्यातून ठरते. मूळचा दिवाच सदोष होता का, हा प्रश्न न्यायाधिकरणाच्या कामाचा नसतो.

वास्तविक अशा अहवालांना एकत्र गुंफण्याची सोय सरकारने स्वतःच उभी केली आहे. आयआयटी मद्रासने विकसित केलेली आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने राबवलेली अपघात नोंदींची एकात्मिक प्रणाली २०२१ मध्ये ज्या सहा राज्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत तमिळनाडू आणि महाराष्ट्र दोन्ही होती. तंजावरच्या हवालदाराने मोबाइलवर भरलेली नोंद आणि सोलापूरच्या हवालदाराने भरलेली नोंद एकाच ठिकाणी जमा होते. एकाच नमुन्याच्या, एकाच काळात बनलेल्या गाड्यांना मागून धडक बसण्याचे प्रमाण विलक्षण असेल, तर ते या नोंदींतून दिसू शकेल. कायद्यातील ‘अन्य कोणताही स्रोत’ हे शब्द याहून अधिक समर्पक कोठे लागू होतील?

दुसरा प्रश्न परत बोलावण्याच्या घोषणेनंतरचा आहे आणि तो दिल्लीतील किंवा दक्षिणेतील मराठी माणसाच्या थेट घरातला आहे. घोषणा झाली, पत्र निघाले, ते कोणाच्या पत्त्यावर गेले? सरकारी नोकराची तीन वर्षांनी बदली होते. तंजावरच्या हवाई दल तळावर जानेवारी २०२० मध्ये सुखोई विमानांची तुकडी दाखल झाली; तेथे रुजू होणारा साताऱ्याचा किंवा अमरावतीचा हवाई सैनिक मोटारसायकल पुण्यात घेतो, बरेलीला नेतो आणि बदली झाली की विकून टाकतो. खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक तमिळनाडूच्या सराफ बाजारांत पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावले आहेत. त्यांची गाडी टीएन-४९ ची आणि मतदार यादीतले नाव विट्याचे, असे चित्र नवलाचे नाही. कायद्याने पत्ता बदलल्यास ३० दिवसांत कळवायचे असते, बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहिल्यास नवी नोंदणी करायची असते. ती कटकट टाळण्यासाठी सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिका आली आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांची मोठी सोय झाली. मात्र नंबर कायम राहिला तरी माणूस हलतोच, आणि तिसऱ्या मालकाचे नाव तर विक्रेत्याच्या वहीत कधीच नसते.

ते असते ‘वाहन’ या सरकारी नोंदणीकोशात. या कोशाचे मूल्य सरकार जाणून होते. ८७ खासगी कंपन्या आणि ३२ सरकारी संस्थांना ‘वाहन’ व ‘सारथी’ची माहिती उपलब्ध करून दिली आणि त्यातून ६५ कोटी रुपये मिळाले, असे नितीन गडकरी यांनी जुलै २०१९ मध्ये राज्यसभेत लेखी उत्तरात सांगितले होते. खासगीपणाच्या आक्षेपांनंतर ते धोरण २०२० मध्ये मागे घेतले गेले, आणि ते योग्यच झाले. पण विकण्याइतकी मौल्यवान असलेली ही माहिती, सदोष दिव्याची गाडी आज नेमकी कोणाच्या ताब्यात आहे हे शोधण्यासाठी वापरणे यात खासगीपणाचा भंग नाही. उत्पादकाला पत्ता देण्याचीही गरज नाही. चासी क्रमांकांची यादी उत्पादकाने द्यावी आणि सूचना परिवहन खात्याने पाठवावी.

परदेशांत सारे आलबेल आहे असा भ्रम नको. टेस्लासारख्या कंपनीला नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत ३ लाख २१ हजारांहून अधिक गाड्यांचे मागचे दिवे मधूनच लागत नसल्याचे मान्य करावे लागले. फरक एवढाच, की तेथे दुरुस्ती दूरवरून सॉफ्टवेअर धाडून झाली. अमेरिकेचा वाहन सुरक्षा कायदा १९६६ चा. तेथे दोष निश्चित झाल्यावर पाच कामकाजी दिवसांत सरकारला कळवावे लागते आणि त्यानंतर किती गाड्या दुरुस्त झाल्या याचा तिमाही अहवाल द्यावा लागतो, तो कोणालाही वाचता येतो. जर्मनीत गंभीर दोषाच्या सूचनेकडे मालकाने वारंवार दुर्लक्ष केले तर गाडी रस्त्यावर आणण्यास मनाई होऊ शकते. आपल्याकडे घोषणेच्या दिवशी मोठा आकडा छापून येतो. त्यांपैकी किती गाड्या खरोखर सेवा केंद्रात आल्या, हा दुसरा आकडा वाचकाच्या नजरेस क्वचितच पडतो.

संसदेला यासाठी नवे विधेयक आणण्याची गरज नाही. कलम ११०-अ जसेच्या तसे राहू दे. बदलायचे ते नियम. दिवे, इंडिकेटर, रिफ्लेक्टर यांसारख्या, इतरांसाठी असलेल्या भागांना मालकांच्या तक्रारींचे कोष्टक लावू नये. त्यांच्यासाठी अपघातानंतरच्या पाहणीचे अहवाल आणि बाजारातून उचललेल्या नगांची चाचणी पुरेशी मानावी. अशी चाचणी करण्याची क्षमता पुण्यातही आहे आणि चेन्नईजवळच्या ओरगडम येथील केंद्रातही. प्रलंबित दुरुस्तीची नोंद आरसीवर दिसावी, म्हणजे जुनी गाडी विकत घेणाऱ्याला ती आधीच कळेल. प्रदूषण चाचणीच्या वेळीही ती पडद्यावर यावी. आणि दर तिमाहीला पूर्ण झालेल्या दुरुस्त्यांचा आकडा संकेतस्थळावर टाकण्याचे बंधन उत्पादकावर असावे. सात वर्षांची मर्यादाही तपासून पाहायला हवी. दुचाकी सात वर्षांत भंगारात जाते, असे परिवहन भवनातही कोणी मानत नसेल.

या सुधारणांना वाट करून देणारी जागा दोन्ही सभागृहांतील दुय्यम विधिविधान समित्या ही आहे. कायद्याखाली केलेले नियम संसदेपुढे ठेवावे लागतात, ते कायद्याच्या हेतूला धरून आहेत की नाहीत हे या समित्या पाहतात. ‘रस्ता वापरणाऱ्या इतरांना’ या शब्दांचे नियमांत काय झाले, हे मंत्रालयाला विचारण्याचा अधिकार त्यांना आहे. हे काम कॅमेऱ्यांपुढे होत नाही, त्यामुळे तेथे सदस्यांची झुंबड उडत नाही. तरी महाराष्ट्र आणि तमिळनाडू ही वाहन उद्योगाची दोन मोठी राज्ये आहेत, आणि दोन्ही राज्यांतील खासदारांना आपल्या कारखान्यांची निर्यात किती वाढली हे सांगण्याची हौस आहे. निर्यातीच्या गाडीचा रिफ्लेक्टर आधी बदलला जातो आणि घरच्या गाडीचा नंतर, याबद्दलचा एक तारांकित प्रश्न त्यांना येत्या अधिवेशनात विचारता येईल.